पंपाचं पॅनल सतरा फूट वर चढवायला लागलेली पावणेतीन वर्षं

गावाचं नाव सांगत नाही, करवीर तालुक्यातलं आहे आणि पंचगंगेच्या काठचं आहे एवढं पुरे. नाव टाकलं की उद्या कुणीतरी पंचायतीत येऊन विचारणार, वहिनी आमच्याबद्दल काय लिहिलंय. मी जानेवारी २०२१ च्या निवडणुकीत सदस्य झाले. खरं तर आमचे हेच उभे राहणार होते, वॉर्ड महिलांना राखीव पडला आणि अर्ज माझा भरला, असा साधा मामला. पाणी समितीत मला घेतलं कारण तिथं निम्म्या बायका लागतात असा नियम आहे आणि बाकीच्या दोघींनी नको म्हणून सांगितलं. मला वाटलं महिन्याला एक सही करायची. सहा महिन्यांत महापूर आला.

कोल्हापुरात पंचगंगेची पातळी पोराबाळांना पण पाठ असते, राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका. पावसाळ्यात माणसं सकाळी उठून आधी मोबाईलवर तेवढंच बघतात, मग चहा. आमच्या गावचा त्याच्या आत आणखी एक हिशोब आहे, राजारामला ४२ झालं की आमच्या पंपघराच्या पायरीला पाणी लागतं. २०१९ ला राजारामला ५५ फूट ७ इंच झालेलं, तेव्हा म्हातारी माणसं म्हणालेली असला पूर आता शंभर वर्षात नाही. दोन वर्षांनी जुलैत ५६ फूट ३ इंच. शाळेच्या भिंतीवर २०१९ ची खूण पोरांनी निळ्या ऑईलपेंटने काढून ठेवली होती, २०२१ ची त्याच्यावर वीतभर गेली.

पूर म्हटलं की टीव्हीवर होड्या आणि छपरावरची माणसं दाखवतात. आमच्या गावात निम्मी घरं उंचावर आहेत, तिथं पाणी येत नाही, सगळं गाव तिकडं सरकतं, जनावरं पण. म्हणजे निम्म्या जागेत दुप्पट माणसं आणि नळाला पाणी नाही. पंपघर बुडालं, महावितरणने लाईन आधीच तोडली होती (तोडायलाच पाहिजे, नाहीतर पाण्यात करंट उतरतो), टँकर मागवावा तर रस्ता पाण्याखाली. नऊ दिवस आम्ही वरच्या आळीतल्या दोन खाजगी बोअरवर आणि देवळाजवळच्या जुन्या आडावर काढले. त्या आडाचं पाणी मी लग्न होऊन आल्यापासून कुणी पिताना बघितलं नव्हतं. आत्तींनी (म्हणजे माझ्या सासूबाईंनी) फडकं चौपदरी करून गाळलं, तुरटी फिरवली, उकळलं, आणि म्हणाल्या, "आम्ही ह्याच पाण्यावर पोरं वाढीवली, पी गुमान."

पण ते नऊ दिवस नव्हे, त्याच्या पुढचं मला जास्त लागलं. पूर ओसरला, सगळ्यांना वाटलं आता पाणी सुरू. पंपघराचं दार उघडलं तर आत गुडघाभर गाळ. मोटर तीस एचपीची, जमिनीवर बसवलेली, ती आत पाणी जाऊन गेली. स्टार्टर, पॅनल (पंप चालू-बंद करायचं विजेचं लोखंडी कपाट), केबलचे जोड सगळं गेलं. रिवाइंडिंगवाल्याकडे मोटर नेली तर त्याच्या दारात नदीकाठच्या सगळ्या गावांच्या मोटरी रांगेत, आमचा नंबर चोविसावा. वरनं सारख्या मापाचं पॅनल बाजारात मिळेना. नदीत पाणी, टाकी धड, पाईपलाईन एक-दोन ठिकाणी सोडली तर धड, आणि एका लोखंडी कपाटासाठी आणखी तेवीस दिवस गाव टँकरवर. एकूण बत्तीस.

आमचा पाणीवाला तात्या, तीस वर्षं व्हॉल्व्ह फिरवतोय, तो तेव्हा म्हणाला ते मी वहीत लिहून ठेवलं होतं. "वयनी, पूर आपल्याला आडवता येत न्हाई. ह्यो डबा तेवढा वर टांगा. पानी उतरलं की दुसऱ्या दिशी मी चालू करून दावतो."

तर ही सगळी गोष्ट तो डबा वर टांगण्याची आहे.

आधी पंचनामा. तलाठी, ग्रामसेवक आणि एक तरुण कनिष्ठ अभियंता आले, फोटो काढले, टेप लावला. मी म्हटलं साहेब, नवीन पॅनल बसवताना उंचावर बसवा. ते म्हणाले ताई, ह्या पैशातून नाही बसत. मला वाटलं टाळतायत, तर तसं नव्हतं, त्यांनी निकषाचा कागद दाखवला. आपत्ती निधीतून पाणी योजनेला जे मिळतं ते मोडलेलं दुरुस्त करायला: पंप दुरुस्ती, तुटलेले पाईप बदलणे, टाकी साफ करणे, हातपंपाचे कट्टे, जॅकवेलकडे (नदीचं पाणी जिथनं उपसतात ती विहीर) जायचा तुटलेला पूल असलं सगळं त्यात आहे, पण जे आधी नव्हतंच ते त्यात नाही. सरकारी भाषेत "पूर्ववत करणे". म्हणजे जिथं बुडालं तिथंच परत बसवायचं. कागदाच्या दृष्टीने बरोबरच आहे म्हणा, नाहीतर प्रत्येक गाव पुराच्या नावावर नवी योजना मागेल. पण आम्ही त्या खोलीत उभे होतो आणि पुराच्या पाण्याची रेघ आमच्या डोक्यावर होती.

आणि झालं तसंच. दुरुस्तीचे पैसे मंजूर होऊन आले तेव्हा मार्चएन्ड तोंडावर, ३१ मार्चच्या आत खर्च नाही केला तर परत. तोपर्यंत आम्ही एक जुनं पॅनल उसनं आणून भागवत होतो. मग काय, झकास नवं कोरं पॅनल त्याच भिंतीवर, त्याच उंचीवर, त्याच चार बोल्टवर. तात्याने हार घातला, नारळ फोडला आणि माझ्याकडे बघून हसला. मी पण हसले. काय करणार.

उंचीचे पैसे कुठल्या हेडमध्ये बसतील हे शोधायला माझं अख्खं वर्ष गेलं. हेड म्हणजे खर्चाचं सरकारी खातं, हा शब्द मी तेव्हा शिकले. पंचायतीच्या कामात "पैसे नाहीत" असं कुणी म्हणत नाही, "ह्या हेडला बसत नाही" असं म्हणतात, आणि ते ऐकून माणूस घरी जातो. घरी न जाता "मग कुठल्या हेडला बसतं?" एवढं विचारायचं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. एका ऑफिसात तर मी तीन वेळा गेले आणि तिन्ही वेळा पहिला प्रश्न, मिस्टर नाही आले का? चौथ्या वेळी ह्यांना घेऊनच गेले आणि त्यांना बाहेर गाडीवर बसवून ठेवलं. विचारलं की म्हटलं, आलेत की, बाहेर बसलेत, बोलवू? पण फाईल मलाच माहितेय. त्या दिवशी काम झालं.

शेवटी वाट सापडली ती जल जीवन मिशनमध्ये. आमच्या गावची योजना जुनी, तिचं रेट्रोफिटिंग, म्हणजे आहे तीच योजना सुधारून घेणं, मंजूर व्हायच्या यादीत होतं. माणशी रोज ५५ लिटर धरून. आमची लोकसंख्या अठ्ठावीसशे, म्हणजे दिवसाला १ लाख ५४ हजार लिटर. हा हिशोब ऐकून ग्रामसभेत पहिला प्रश्न म्हशीचा आला. बरोबर आहे, कोल्हापूर जिल्ह्यात घर तिथं म्हैस, आणि एक म्हैस पन्नास-साठ लिटर आरामात पिते, धुवायचं वेगळंच, म्हणजे आमच्या दारात एक माणूस जास्तच. ५५ लिटरमध्ये म्हैस नाही. साहेबांनी सांगितलं जनावरांना विहिरी-बोअरचं वापरा, मागून कुणीतरी ओरडलं, "मग म्हशीचंबी रेशनकार्ड काढा," आणि सभा पाच मिनिटं हसण्यात गेली.

खरी मारामारी झाली लोकवर्गणीवर. गावातल्या अंतर्गत कामाच्या खर्चाच्या दहा टक्के गावाने भरायचे असा नियम. लोक म्हणाले, पूर बी आम्हालाच आणि वर्गणी बी आम्हालाच? एक काका उठून म्हणाले, माझं ऊसाचं तीन एकर सडलं, आता नळाला पैसे मागायला ही बया आलीय. बया म्हणजे मी. वाईट वाटलं, पण त्यांचं तीन एकर सडलं होतं हे खोटं नव्हतं. मग दूध संस्थेच्या सेक्रेटरीने तोडगा काढला, दर दहा दिवसाच्या दूध बिलातून घरटी थोडे थोडे कापून घ्यायचे. रोख मागितले असते तर मिळाले नसते, बिलातनं गेले ते कुणाला फारसं कळलं पण नाही. ज्यांच्याकडे दूध नाही त्यांच्याकडून आम्ही समितीच्या बायका दारोदार फिरून गोळा केले. दोन घरांनी अजून दिलेले नाहीत, नावं माहितेत.

आता उंचीचा घोळ सांगते, सगळ्यात जास्त डोकं तिथं गेलं.

जॅकवेलमध्ये सबमर्सिबल पंप टाकायचा हे लगेच ठरलं, तो पाण्यातच चालतो, त्याला बुडायची भीती नाही. बुडतं ते पॅनल. म्हणून आरसीसी खांबांवर उंच पॅनल रूम करायची, वर जायला जिना. किती उंच? अंदाजपत्रकात आलं: जुन्या फरशीपासून नऊ फूट. मी तात्याला विचारलं नऊ पुरतील का. तो म्हणाला, "२०२१ ला पंपघरात चौदा फूट पानी व्हतं वयनी. नऊ फुटावर बांदलं तर पाच फूट पान्याखाली चांगली खोली हुईल, माशांस्नी."

नऊ कुठून आले? फाईलमध्ये जी पूररेषा लिहिली होती ती २००५ च्या पुराची. २००५ चा पूर तेव्हा सगळ्यात मोठा, त्यावरून कुणीतरी ती रेघ घेतलेली आणि प्रत्येक नवीन कागदावर तीच कॉपी होत आलेली. २०१९ आणि २०२१ त्या फाईलपर्यंत पोचलेच नव्हते. मी बोलले तर उत्तर आलं, तोंडी माहितीवर डिझाईन बदलता येत नाही, पुरावा लागतो. आणि राजाराम बंधाऱ्यावरचे फूट आमच्या पंपघराला थेट लावता येत नाहीत, मधे नदीचा उतार आहे, वळणं आहेत, हे पण त्यांनी समजावलं आणि ते पटलं. त्यामुळे आमच्याच गावात, आमच्याच भिंतीवर पाणी कुठपर्यंत आलं ते मोजून दाखवायला पाहिजे.

तेव्हा ती ऑईलपेंटची खूण कामाला आली. २०१९ ची निळी, आणि २०२१ ची पोरांनी लाल काढलेली, त्याखाली तारीख आणि बदामात कुणाचंतरी नाव पण होतं, ते आम्ही घासून काढलं. कनिष्ठ अभियंत्याने त्यांच्या सुट्टीच्या दिवशी ऑटो लेव्हल (उंचीतला फरक मोजायची दुर्बीण) आणला. हे मुद्दाम लिहिते, माणूस चांगला होता, नाव लिहिलं तर त्यालाच त्रास. शाळेच्या भिंतीपासून पंपघरापर्यंत स्टाफ (आकडे मारलेली उभी पट्टी) धरून धरून लेव्हल घेत गेलो, स्टाफ धरायला माझा मुलगा आणि त्याचे मित्र. शिवाय देवळाच्या दीपमाळेवर पाण्याचा डाग होता तो पण घेतला, आणि एका घराच्या माडीवरच्या चुन्यावरचा. तिन्हीचं उत्तर बोटभराच्या फरकाने सारखं आलं: पंपघराच्या फरशीवर चौदा फूट एक इंच. मग पंचनाम्याचे २०२१ चे फोटो, ग्रामसभेचा ठराव, तलाठ्याचा दाखला, सगळं जोडून पत्र दिलं. चौदा अधिक वर मोकळी उंची जवळजवळ तीन फूट, झाले सतरा. सुधारित अंदाजपत्रक, परत तांत्रिक मान्यता, परत प्रशासकीय मान्यता. ह्या आठ फुटांसाठी फाईल परत सगळ्या टेबलांवरून फिरली, सात महिने गेले. पण एकदा मोजलेला आकडा कागदावर आला ना, की कुणी अडवत नाही, फक्त उशीर करतात.

तात्याचा आणखी एक हट्ट होता तो पण लिहून घ्या, ज्यांना करायचंय त्यांनी. पंपापासून वरच्या खोलीपर्यंत केबल अखंड पाहिजे, मधे जोड नको. ठेकेदाराने केबल कमी पडली म्हणून खाली एक जोड मारला होता, टेप गुंडाळून. वरनं दिसायला सगळं टकाटक, सतरा फुटावर खोली, रंग दिलेला, आणि जोड कुठं तर जुन्या फरशीपासून दोन फुटावर. तात्या कामावर अडून बसला, केबल बदलल्याशिवाय मोजमाप पुस्तकाला आमची सही नाही म्हणाला (त्याची सही लागतच नाही, पण तो अशा आवाजात म्हणाला की ठेकेदाराला वाटलं लागत असेल). केबल बदलली.

नदीवरचा पंप एवढं करूनही पुरात बंदच राहणार, कारण वीजच नसते. वर टांगलेल्या पॅनलचा उपयोग पाणी उतरल्यावर. मग मधल्या दिवसांचं काय, तर उंचावरच्या आळीत पंचायतीच्या जागेत एक बोअर आणि त्यावर जनरेटर. बोअरसाठी भूजल सर्वेक्षणच्या भूवैज्ञानिकांचा दाखला लागतो, ते येऊन मशीन लावून जागा दाखवून गेले, आमच्या नेहमीच्या पाणाड्याने नारळ हातावर धरून पंधरा फूट पलीकडची जागा दाखवली, गावात त्यावरून दोन पार्ट्या. बोअर दाखल्याच्या जागी मारलं कारण पैसे दाखल्याला मिळतात, नारळाला नाही. खाली काळा कातळ, दोनशे फुटाच्या आत दोन इंची पाणी लागलं. पाणाडी म्हणतो त्याच्या जागी तीन इंची लागलं असतं.

पाणी लागलं म्हणून लगेच प्यायला दिलं नाही. आम्हा पाच बायकांना फील्ड टेस्ट किटचं ट्रेनिंग झालं होतं, पंचायतीच्या टेबलावर बाटल्या मांडून बसलो. जंतूंची जी बाटली असते त्यात पाणी भरून ठेवायचं, एक-दोन दिवसात काळं पडलं तर पाणी वाईट. आमची पहिली बाटली दुसऱ्या दिवशी सकाळी डांबरासारखी काळी. मी घाबरले, मग कळलं नवीन बोअरमध्ये मारताना बाहेरची घाण जाते. टीसीएल (ब्लीचिंग) पावडर मारून, रात्रभर ठेवून, उपसून टाकून परत टेस्ट, तेव्हा साफ. त्या टीसीएलची पण गंमत आहे. ताज्या पावडरीत क्लोरीन तेहतीस टक्क्यांच्या आसपास असतं, पोतं उघडं राहिलं की उडून जातं, वीस टक्क्यांच्या खाली गेली की ती बाद. आमच्या गोडाऊनमध्ये दोन वर्षांपूर्वीचं पोतं होतं, आम्ही इतके दिवस बहुतेक चुनाच टाकत होतो पाण्यात. आता नळाच्या शेवटच्या टोकाला ओटी टेस्ट (पाण्यात क्लोरीन उरलंय का ते बघायची) करून पिवळा रंग आला की मगच वहीत सही. साथीच्या दिवसात एवढी एक सवय लागली तरी खूप आहे, पुढच्या ऑक्टोबरच्या पाणी तपासणीत आमच्या पंचायतीचं पिवळं कार्ड (म्हणजे सुधारणा पाहिजे) हिरवं झालं.

जनरेटर मात्र जल जीवनमध्ये बसेना. तो घेतला पंधराव्या वित्त आयोगातून. ह्याचं साधं सांगते: तेव्हा पंचायतीला १०० रुपये आले तर ४० अबंधित असायचे, म्हणजे गावाने ठरवायचं, पगार सोडून. ६० बंधित, त्यातले निम्मे पाण्याला आणि निम्मे स्वच्छतेला, ह्या दोन्ही सोडून दुसरीकडे वळवता येत नव्हते. गावोगाव त्या पाण्याच्या पैशाचे आरओ प्लँट आणि पाण्याचे एटीएम झालेत, मला विरोध नाही पण पुरात तो आरओ पण बंदच असतो ना. आराखड्यात आधी नसलं तर पुरवणी आराखडा करायचा, ग्रामसभेत घ्यायचा, ऑनलाईन चढवायचा. आम्ही केलं सगळं. पैसे खात्यात. आणि ग्रामसेवकाची बदली झाली. पैसे सुटतात ते सरपंच आणि ग्रामसेवक दोघांच्या डिजिटल सहीने, नवीन ग्रामसेवकाची सही निघून, मॅप होऊन, चालू व्हायला दोन महिने. जनरेटरवाला रोज फोन करायचा, ताई ठेवू का विकू? मी म्हणायचे ठेव रे दादा, पुराच्या आधी येतात पैसे. कुठल्या पुराच्या ते सांगितलं नाही.

ह्या मधल्या काळात शहरात दिवाळीला, नोव्हेंबर २०२३ मध्ये, काळम्मावाडीची थेट पाईपलाईन आली. शिवाजी पेठेतली माझी मावसबहीण फोन करून, आता आम्हाला धरणाचं पाणी, तुम्ही प्या पंचगंगेचं. बरोबरच आहे, महापुरात त्यांची पण शिंगणापूर-बालिंग्याची पंपिंग स्टेशनं बुडालेली, ती पण टँकरमागे घागर घेऊन पळालेली, तिला मिरवायचा हक्क आहे. पण आम्हाला काय कुणी पन्नास किलोमीटरवरून पाईप घालून देणार नाही. आमचं जे व्हायचं ते चार खांबांवर.

एप्रिल २०२४ मध्ये सगळं काम संपलं. ते नवं कोरं मार्चएन्डचं पॅनल खालच्या भिंतीवरून काढलं आणि वरच्या खोलीत बसवलं, तेच. बोल्टची भोकं अजून आहेत खालच्या भिंतीवर.

जुलैत पाऊस लागला. ३९ झालं, ४३ झालं. बोअरवर रात्री दहा वाजता जनरेटर चालू करून बघितला, पोरं टाळ्या वाजवायला लागली, आत्ती म्हणाल्या लग्नाचा मांडव असल्यासारखं वाटतंय. नदी ४७ फुटांच्या वर गेली आणि थांबली. पंपघरात पाच फूट पाणी होतं. म्हणजे नऊ फुटावर बांधलं असतं तरी त्या वर्षी चाललं असतं, हे मी आपण होऊन कबूल करते, कारण गावातले दोघं-तिघं तेव्हापासून मला हेच ऐकवतात, उगाच सतरा केले म्हणून. मी त्यांना शाळेची भिंत दाखवते.

सहा दिवस बोअरचं पाणी, सकाळी दीड तास संध्याकाळी दीड तास, फक्त वरच्या आळीतल्या सहा नळांवर, रांग लावून. प्यायला आणि स्वयंपाकाला. धुणं नाही, म्हैस नाही. भांडणं झाली, एक कळशी फुटली, दोन जावा अजून बोलत नाहीत. पण आडाचं पाणी कुणाला प्यावं लागलं नाही. सातव्या दिवशी महावितरणने लाईन जोडली, दुपारी तीन वाजता तात्या छातीएवढ्या चिखलातून नव्हे, नीट जिन्यावरून वर गेला आणि बटण दाबलं. संध्याकाळी टाकी भरत होती. पहिलं पाणी गढूळ होतं ते सोडून दिलं, रंग बघितला, मग गावाला.

एक मात्र आमच्याकडून राहिलंच. जनरेटर घेतला, चेंजओव्हर बसवला, शेड केली, आणि आराखड्यात डिझेल लिहायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. तिसऱ्या दिवशी टाकी तळाला गेली. पेट्रोल पंपाचा रस्ता पाण्याखाली. गावात डिझेल होतं ते एकाच्याच घरी, ट्रॅक्टरवाला, दोन कॅन भरून ठेवलेले, तोच तो तीन एकरवाला काका. मी गेले, म्हटलं काका, बया आलीय. त्यांनी काही न बोलता दोन्ही कॅन उचलून दिले, वहीच्या पानावर पावती लिहून दिली, पंपाच्या भावापेक्षा एक रुपया जास्त नाही. पैसे आम्ही पाणीपट्टीच्या खात्यातून दिले.

आता लेखापरीक्षणात आक्षेप आलाय: डिझेल खरेदी करताना तीन दरपत्रके घेतलेली नाहीत, पावती विहित नमुन्यात नाही. मी उत्तर लिहिलं की तीन दरपत्रकं घ्यायला गावात तीन जणांकडे डिझेल असायला पाहिजे होतं. ग्रामसेवक म्हणाले वहिनी असं नसतं लिहायचं, त्यांनी ते खोडून "तातडीची बाब म्हणून" असं लिहिलं, सोबत त्या दिवशीच्या राजाराम बंधाऱ्याच्या पातळीचा तक्ता आणि काकांची पावती जोडली. पावतीवर पाण्याचा डाग आहे, आकडा तेवढा वाचता येतो. आक्षेपाचा तो पॅरा अजून वगळलेला नाही.